काचेची पाठ

मनुष्याच्या पाठीचा कणा हा त्याच्या पुरुषार्थाचा स्तंभ होय. तो ढळला की मागे उरते ती केवळ देहाची वस्ती.

हे वाक्य माझं नाही. कारंज्याच्या शाळेतून पेन्शन घेतलेले एक हेडमास्तर माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून, छत्री जमिनीवर टेकवून ते बोलले. बोलून झाल्यावर बायकोनं त्यांना बसायला पाट दिला. ते बसले, चहा प्याले, आणि मग त्यांना उठता येईना. माझ्या धाकट्या भावानं काखेत हात घालून त्यांना उभं केलं. जाताना त्यांनी मला प्रकृतीला जपायला सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. ज्यांची कंबर सध्या धरलेली आहे आणि ज्यांना पडल्या पडल्या काहीतरी वाचायला हवं आहे, त्यांच्यासाठी लिहितो आहे. वैद्यकातलं मला कळत नाही. माझ्या कंबरेला नक्की काय झालं होतं हे मी आजही सांगू शकणार नाही. तिच्याविषयी लोक काय काय बोलले ते मात्र सांगू शकतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे निम्मं दुखणं तिथलं होतं.

कोथिंबीर

आमचा मळा कारंज्याबाहेर, कामरगावच्या वाटेला. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. विहिरीवर मोट मी हाकायचो, धाकटा भाऊ सदा वाफ्यांत पाणी वळवायचा, आणि माझी बायको गोदा टोपली घेऊन बाजार करायची. मी सातवी पास. बाजारच्या दिवशी वाचनालयात बसून वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला सवय होती, म्हणून माळ्याच्या जातीत जन्मून हा थोडा आळशी निघाला असं लोक समजत.

संक्रांत जवळ आली होती. सकाळी तोडणी चालली होती. मी कोथिंबिरीची एक जुडी उचलायला वाकलो आणि तिथंच राहिलो. खालून कुणी धोतर धरून ठेवावं तसं झालं. वर येता येईना, खाली बसता येईना. मेथीच्या वाफ्याला नमस्कार करत मी बराच वेळ उभा होतो. गोदा आधी हसली.

"काय हरपलं? काय शोधून राह्यले?"

मग तिनं माझं तोंड पाहिलं आणि टोपली खाली टाकली.

सदानं पुढे सगळ्यांना सांगितलं की दादाची कंबर भरलेली मोट ओढताना गेली. कोथिंबिरीच्या जुडीनं जायबंदी झालेला भाऊ त्याला गावात सांगवेना. कंबर गेली हे खरं होतं. ती कशानं जावी याचीही लोकांत एक पत असते.

त्याच दिवशी नावं सुरू झाली. शेजारच्या मळ्याचा गणपत आला. त्यानं माझ्याकडे दुरून पाहिलं आणि म्हणाला, "चमक भरली. पायाळू पाह्यजे." पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ पाठीत बसली की चमक निघते, असं आमच्याकडे मानतात. आमच्या वस्तीत पायाळू एकच होतं, गणपतची सासू. तिला आणलं. तिनं आधी हात जोडून माझी माफी मागितली, कारण पाय लावणं वाईट. मग डाव्या पायानं लाथ मारली. माफी रीतीची होती, लाथ मनापासून होती.

चमक निघाली नाही. मग कुणी वात म्हणालं; तेल आलं, शेकलेली एरंडाची पानं आली. कुणी नजर म्हणालं. मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या आणि सगळं घर खोकलं. नावाबरोबर उपाय यायचा, उपाय फसला की नाव बदलायचं. कंबर तीच होती.

तरी मी मागाहून विचार केला, तेव्हा त्या अडाणी शब्दांत मला एक चांगुलपणा दिसला. चमक भरते, म्हणजे ती निघतेही. वात धरतो, म्हणजे सोडतोही. नजर लागते आणि उतरते. यातल्या कुठल्याही शब्दानं मला कायमचा निकाल दिला नव्हता. शेजारीपाजारी येत, हसत, "अबे, मेथीच्या पाया पडून राह्यला होता म्हन्ते," अशी टिंगल करत, आणि मी दुखत असतानाही त्यांच्यातलाच एक होतो.

निदान

चार-सहा दिवसांनी सदानं खासर, म्हणजे आमची बैलगाडी, जुंपली आणि मला कारंज्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या अंगात कोट होता. त्यांनी मला पालथं घातलं, मणके दाबले, पाय उचलून पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली. कंपाउंडरला इंग्रजीत काही सांगितलं. मग आमच्याकडे वळून, हात पुसत म्हणाले,

"मणक्याचं दिसतं. पाठ म्हणजे आता काच समजा. कासार बांगड्या नेतो ना गाडीतून, तसं न्या यांना."

आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

सदा मनानं फार चांगला. त्यानं मला तिथंच बाकावर ठेवलं, ओळखीच्या एका आडत्याकडे गेला आणि खासरभर कुटार घेऊन आला. कुटार म्हणजे तुरीचा भुसा. बांगड्या फुटू नयेत म्हणून कासार पेटाऱ्यात असंच काही घालतो. मला त्यात मांडीपर्यंत पुरलं. घरी येताना रस्त्यात कुणी गाडी आडवी घातली की सदा ओरडायचा, "हळू बे, काच हाय!" लोक वाकून पाहायचे. काचेऐवजी मी दिसायचो. आम्ही मळ्यात पोचलो तोवर माझं निदान आमच्या पुढे पोचलं होतं.

आतली खोली

मला धक्का लागू नये म्हणून माझी खाट आतल्या खोलीत नेली. खाटेवर कुटार, त्यावर गोधडी. त्या खोलीला दार एक, खिडकी नाही. भिंतीत वर एक भोक होतं, त्यातून दुपारी थोडं ऊन यायचं आणि कणगीवर जाऊन बसायचं.

आता लोक येत, पण टिंगल बंद झाली. उंबऱ्याशी चपला काढून हळू आवाजात बोलत. "काय म्हन्ते तब्येत?" हे मला न विचारता गोदाला विचारत, मी दोन हातांवर असताना. बाहेर ओसरीवर एकजण म्हणाला, "मोट चांगली हाकत होता किसनभौ." किसन म्हणजे मीच. मी आत डोळे उघडे ठेवून हे ऐकलं. मेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलतात हे मला माहीत होतं. पडलेल्याविषयीही बोलतात हे नवीन होतं.

आमची मुलगी चंद्री तेव्हा लहान होती. एरवी मी जेवायला बसलो की पाठीवर चढायची. आता तिला दारातच अडवत.

"बाबाजवळ जाऊ नोको. फुटन."

"कुठं फुटन?" तिनं विचारलं.

मग ती रोज उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे निरखून पाहायची, आणलेल्या भांड्याला तडा कुठं आहे ते पाहावं तसं. मी हात पुढे केला की मागे सरायची. ती आज्ञाधारक होती. त्या दिवसांत तिनं थोडा वांडपणा केला असता तर बरं झालं असतं.

खोटं कशाला सांगू, दुखणं हळूहळू कमी होत होतं. पण मला त्याचा भरवसा वाटेना. कुशीवर वळायचं असलं की मी आधी श्वास धरायचो आणि वळताना ऐकायचो. काही तडकल्याचा आवाज येतो का, ते ऐकायचो. इतकं लक्ष देऊन ऐकलं की पाठीत काही ना काही ऐकू येतंच. मग मी पुन्हा उताणा पडायचो, आढ्याकडे पाहत. पुष्कळ पुस्तकं वाचली होती, शहाणपणाची वाक्यं पाठ होती. त्यांतलं एकही कुशीवर वळायला उपयोगी पडलं नाही.

सोबत होती ती मांजरीची. तिला निदान कुणी सांगितलं नव्हतं. ती भिंतीवरून थेट माझ्या पोटावर उडी मारायची आणि झोपायची. साऱ्या घरात मला निर्धास्तपणे हात लावणारा तेवढा एकच जीव उरला होता.

होणार काय ते

खोलीतून विहीर दिसत नसे, ऐकू येत असे. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली चालत गेले की नाडा ताणला जातो, मोट भरून वर येते आणि काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडात, पाणी पडतं. मग बैल पाठीमागे सरत पुन्हा वर येतात. पुढे जायला बैलाला कुणीही सांगू शकतो. मागे सरायला त्याचा हाकणाऱ्यावर विश्वास लागतो. सदाच्या आवाजावर आमचे बैल मागे सरत नव्हते. पाणी पडायचं, मग नुसती शांतता, मग सदाच्या शिव्या. शिव्या संपल्या की तो पळत वाफ्याकडे जायचा, कारण पाणी वळवायलाही तोच होता. मिरची करपली. गोदा बाजारातून यायची ती भिंतीला टेकून बसायची.

आमच्याकडे सालाचे करार पाडव्याला होतात. एका दुपारी ओसरीवर गणपत आणि सदा बोलत होते. गणपत मळा ठोक्यानं कसायला घ्यायला तयार होता, सालासाठी म्हणून, पण असा दिलेला मळा परत येतो तेव्हा त्याच्याबरोबर भांडणही येतं हे त्या दोघांनाही आणि आत पडलेल्या मलाही माहीत होतं. सदा कापसाच्या जिनात कामाला जाणार होता. गोदा गणपतचीच भाजी गणपतसाठी विकणार होती.

"अन् दादा?" गणपतनं विचारलं.

"दादाले आता काय, जलमभर वाकता येत नाई. डागदरनं सांगतलं," सदा म्हणाला.

डॉक्टरांनी जन्मभर हा शब्द उच्चारला नव्हता. पण काच म्हटल्यावर तो आपोआप आत येऊन बसला होता, आणि मलाही तो तिथंच असल्यासारखा वाटत होता. मला कुणी काही विचारलं नाही. काचेला कुणी विचारत नाही.

संध्याकाळी मी सदाला बोलावलं. "मळा देनं आसन तं दे," मी म्हटलं, "पण आधी डागदरच्या तोंडून ऐकू दे मले, का मी कामातून गेलो म्हून."

सदा रडवेला होऊन म्हणाला, "काहून दादा? तेवढ्यासाठी हिंदकळाचं कायले?"

पण त्यानं सकाळी खासरीत पुन्हा कुटार भरलं.

दुसऱ्यांदा

डॉक्टर दारात आले आणि गाडीकडे पाहत राहिले.

"हे कुटारात काय आणलंय?"

"दादा हाय, डागदरसाहेब."

मला आत नेलं. मणके दाबले, पाय उचलले. मग म्हणाले, "उभे राहा. वाका."

"वाकता येत नाही."

"दुखतं म्हणून?"

"तुम्ही काच म्हणाला होता."

"मी? कधी?"

"संक्रांतीच्या आधी."

त्यांनी आठवून पाहिलं. माणूस प्रामाणिक होता, खरोखर आठवून पाहिलं. "हां," ते म्हणाले, "ते गाडीत न्यायला. तुमच्याकडचा रस्ता वाईट आहे. सगळ्यांनाच सांगतो मी तसं. परवा एका बाळंतिणीलाही सांगितलं."

"म्हंजे आता काच नाई?" सदानं विचारलं.

"अहो, माणूस आहे तो! इतके दिवस निजवून ठेवलंत? दुखेल. दुखलं म्हणजे फुटलं असं नाही. हळूहळू कामाला लागा." आणि हात पुसत पुढच्या रोग्याला बोलावलं.

कासार पेटाऱ्यात कुटार घालतो, हळू गाडी हाकतो, आणि गावी पोचल्यावर पेटारा सोडून बांगड्या बाहेर काढतो. त्या बायकांच्या हातात जातात, भांडी घासतात, भाकरी थापतात. आमच्या घरी गाडी पोचली, पण पेटारा सोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका वाईट रस्त्यासाठी सांगितलेली गोष्ट आम्ही सगळा हिवाळा पाळली.

मला वाटलं होतं की हे ऐकून सदा आनंदानं नाचेल. पण परत येताना, मळा दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "आता सांगून राह्यला. आपलं चुकलं ते झाकून राह्यला तो." आणि गाडी हळू केली. एकाच माणसाची दोन वाक्यं. पहिल्यावर ताबडतोब विश्वास बसला, दुसऱ्याची चौकशी सुरू झाली. भीती घालणारं वाक्य खरं असावं असं माणसाला का वाटतं, हे मला अजून कळलेलं नाही.

उतरवणं

शब्द आला एका दुपारी, गेला मात्र हळूहळू. मी उठून बसायला लागलो, ओसरीपर्यंत चालायला लागलो. दुखत होतं. पण एक गोष्ट लक्षात आली. गोठ्यात कुणी नसताना वैरणीची पेंढी उचलायला वाकलो तर दुखून सुटायचं. गोदा पाहत असली की ती ओरडायची, "अवो, वाकू नका!" आणि त्या क्षणी पाठ दगडासारखी धरायची. मग ती म्हणायची, "पाह्यलं? सांगतलं होतं."

शेवटी एकदा ती ओसरीवर मिरच्या निवडत असताना मी म्हटलं, "तू वरडत नोको जाऊ."

"मंग काय म्हनू?"

"काहीच नोको म्हनू."

"म्हंजे नुसती पाहू?"

"पाहू बी नोको."

तिनं मिरच्या बाजूला सारल्या. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती खाली पाहत म्हणाली, "तुमी आतल्या खोलीत होते तं मी रोज दारापरेंत येत होती अन् परत फिरत होती. जवळ गेली अन् माह्याच हातचा धक्का लागला तं? तिकडं चुलीपाशी एकलीच पडून राहत होती. तुमाले वाटलं आसन, बाजारातून थकून येते म्हून येत नाई."

मला तसंच वाटलं होतं. त्याहून वाईटही वाटलं होतं. मधे एक कुडाची भिंत, आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस जागं.

"कदी थांबाव ते मले बी कोनी सांगतलं नाई," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. बोटांना मिरचीची आग होती. तिनं हात काढून घेतला नाही, आणि मी फुटलो नाही. त्या दिवसापासून मी वाकलो की ती तोंड फिरवून उभी राहायची. तिला ते फार जड जायचं. उगाच चुलीतली लाकडं मागे-पुढे करत राहायची.

पाडवा

गुढी उभी राहण्याच्या आधीच मी विहिरीवर गेलो आणि बैल जुंपले. सदा पाहत होता. फावडं घेऊन वाफ्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मोट जोवर वर येत नाही तोवर त्यालाही काही ठरवता येणार नव्हतं.

तेवढ्यात गणपत आला. नवं धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. करार करायलाच निघाला होता. मला धावेवर पाहून थबकला.

"उतर, किसनभौ. फुटशीन."

"फुटलो तं येचून घे," मी म्हटलं.

तो हसला. किती तरी दिवसांनी माझ्या बोलण्यावर माझ्या तोंडासमोर कुणी हसत होतं.

मी बैलांना आवाज दिला. ते खाली निघाले, नाडा ताणला, आणि आमच्याकडे हाकणारा बसतो तसा मी नाड्यावर बसलो. दुखलं. चांगलंच दुखलं. सवयीनं मी कान देऊन ऐकलं. तडकल्याचा आवाज आला नाही. थारोळ्यात पाणी पडल्याचा आला. मग मी बैलांना मागे बोलावलं. इतक्या दिवसांनी ओळख देतात की नाही याची मला खात्री नव्हती. त्यांनी थोडा विचार केला आणि मागे सरायला लागले.

आणखी काही खेपा झाल्या. पाणी पाटानं वाफ्यापर्यंत पोचलं. सदानं फावड्यानं माती ओढून ते मिरचीकडे वळवलं, आणि तिथूनच, वर न पाहता म्हणाला,

"गनपतभौ, औंदा मळा आमीच करतो."

गणपतनं मान हलवली. त्याला वाईट वाटलं असेल, पण तो शेजारी होता. "मंग ह्या नारळाचं काय करू?" त्यानं विचारलं.

"फोडा, बापा, देवाचं नाव घेऊन," गोदा म्हणाली. ती चंद्रीला कडेवर घेऊन आली होती. तिनं चंद्रीला खाली सोडलं, आणि चंद्री प्रथमच कुणी न अडवता माझ्यापर्यंत आली आणि गुडघ्याला बिलगली. सदानं फावडं टेकवून हात जोडले. गोदानं डोळ्यांना पदर लावला. गणपत थारोळ्याच्या दगडासमोर उभा राहिला, डोळे मिटले, आणि मोठ्या गंभीरपणानं म्हणाला, "देवानं मानसाले पाठ वापस देल्ली." मग त्यानं नारळ दगडावर आपटला.

नारळ नासका निघाला.